पाइपवर बसलेली वहिनी

पूर ओसरल्यावर गाळ काढणाऱ्या टोळीत वहिनीचं काम एकच होतं: कुणाला मरू द्यायचं नाही. कागदोपत्री त्याला सेफ्टी सुपरवायझर म्हणत. टोळीचा मुकादम तिचा सख्खा धाकटा दीर, म्हणून सगळेच तिला वहिनी म्हणायचे आणि घरच्या वहिनीचं ऐकतात तितपतच ऐकायचे.

गमबूट घाला म्हटलं की ते चावतात. मास्क लावा म्हटलं की तंबाखू थुंकायची कुठे? मुकादम तर सगळ्यांचा मेरुमणी. "वहिनी, मी लहानपणापासून चिखलात लोळतोय," असं छाती फुगवून सांगायचा, जणू म्हशींना त्याबद्दल पदकं मिळतात.

ओरडून ओरडून घसा बसला तेव्हा वहिनीने डोकं लढवलं. दीर कुणाच्या बापाला भीत नसे, पण सापाचं नाव काढलं की त्याची बोबडी वळायची. मग काय, जिथे गमबूट हवेत तिथे साप निघू लागले. "आत्ताच कपाटाखाली गेला, हा एवढा!" की मुकादमाच्या पायात बूट, आणि मागोमाग टोळीच्याही. पडायला आलेल्या भिंतीआड तर नागाची जोडीच राहायची.

पण तिला हाव सुटली. एका गोदामात नुसत्या बोलण्यावर न भागवता तिने सायकलची जुनी ट्यूब गाळात पेरली. मुकादमाने लांबून बांबूने ढोसली, उचलली, तर सापाला व्हॉल्व्ह! टोळी हसून हसून गाळात बसली. वहिनीही हसली. तिच्या शब्दाची पत मात्र तिथेच गेली, आणि ते तिला पुढच्याच कामावर कळलं.

कापडाच्या दुकानाचं तळघर पाण्याने भरलं होतं. पंपाचं इंजिन रस्त्यावर ठेवा, आत फक्त पाइप सोडा, असं तिने बजावलं होतं. बंद जागेत इंजिनच्या धुराने माणूस कधी आडवा होतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. मग ती मागच्या बाजूला वीज तोडलीय का ते बघायला गेली. परत येते तर इंजिनचा आवाज खालून! पाइप आखूड पडला म्हणून दिराने इंजिन उचलून जिन्यात खाली, पाण्यालगतच्या पायरीवर नेलं होतं आणि स्वतः शेजारी उभा राहून गाळ उपसत होता.

"भाऊजी, वर या! धूर कोंडलाय!"

"धूर? का साप?" खालून हसू आलं. "जा वहिनी, चहा घ्या."

खाली उतरावं तर दोघंही जायचे. तिने इकडेतिकडे पाहिलं. पंपाचा कापडी पाइप पाण्याने टम्म फुगून दारातून गटाराकडे चालला होता. तिने तो दुमडला आणि त्यावर फतकल मारून बसली. बाई अंगाने चांगली भरलेली. त्याचा उपयोग जन्मात पहिल्यांदा झाला.

पाणी थांबलं. इंजिनचा आवाज बदलला.

"कोण आहे रे तो गाढव?"

"मी आहे! काय कराल?"

शिव्यांची लाखोली वाहत दीर पायऱ्या चढू लागला. वहिनी तसूभर हलली नाही. तो दारात आला, तिला पाहून त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या पायांतलं त्राणच गेलं. तिने झेप घेऊन कॉलर धरली. बाहेर कापडाचे तागे रचणारे दोन गडी धावले. मोकळ्या झालेल्या पाइपाने सगळ्यांना गढूळ पाण्याची आंघोळ घातली, पण त्यांनी त्याला रस्त्यावर ओढत नेलं.

मोकळ्या हवेत त्याला उलटी झाली. डोकं ठणकत होतं. अँब्युलन्स निघाली होती. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन पदराने वारा घालत होती आणि सगळ्या टोळीसमोर रडत होती.

"तुमच्या बायकोला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"पाइप का दाबलात?" तो कसाबसा म्हणाला.

"शिव्या द्यायला तरी वर याल म्हणून."

"हाक मारायची ना."

"मारली होती, भाऊजी."