भट्टीकाकांचं हिरवं बटण

भट्टीकाकांना कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ते मागे वळूनसुद्धा पाहत नसत. रस्त्यात दुसराच कुणी गृहस्थ असेल असं समजून पुढे चालू लागत. त्यांची बेकरी म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काचेचं कपाट, त्यात पाव, बिस्किटं आणि अधूनमधून एखादी चुकार माशी. मागच्या खोलीत भट्टी. खोलीत भट्टी होती म्हणण्यापेक्षा भट्टीने सोडलेल्या जागेत खोली होती, असं म्हणणं जास्त खरं. काकांच्या वडिलांनी एकेक वीट निवडून बांधलेली ती लाकडाची भट्टी तापायला इतका वेळ घ्यायची, की काकांना रोज सगळ्या गल्लीच्या आधी उठून तिची मनधरणी करावी लागे. "माझ्या संसारात एक सवत आहे," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आणि ती विटांची आहे."

काका-काकूंना मूल नव्हतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या भावाच्या मुलीने ती उणीव इतकी भरून काढली होती, की थोडी उरली असती तरी चाललं असतं असं काकूंना कधीकधी वाटे. पोरीचं तोंड सकाळी जे सुरू होई, ते झोपेतही पुरतं मिटत नसे. म्हणून काकांनी तिचं नाव वटवट ठेवलं होतं. रांगायची तेव्हापासून ती मैद्याच्या पोत्यांमध्ये वाढली. सोळाव्या वर्षी ती भट्टीच्या दाराशी नुसता गाल नेऊन सांगायची, पाव टाकायची वेळ झाली की नाही. ही भट्टी पुढे तिचीच, हे कुणी कुणाला बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

ही वटवट एके दिवशी शाळेतून एक खेळ घेऊन आली. खेळ चालायचा वाचनालयाच्या सभागृहात, दर शनिवारी. तिथे भिंतीएवढ्या पडद्यावर आपलाच परिसर काढलेला होता. त्याच गल्ल्या, तीच दुकानं, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यावर ज्याच्या त्याच्या धुराचा करडा ढग. वेगवेगळ्या शाळांतल्या मुलांचे चौघाचौघांचे गट होते. कुठला धूर कसा कमी करता येईल ते शोधायचं, प्रस्ताव मांडायचा, की ढग आकसतो आणि गटाला गुण मिळतात. जिंकेल तो गट राजधानीतल्या मोठ्या फेरीला जाणार. यात एक मेख होती. दुकानदाराच्या संमतीशिवाय त्याचा ढग हलत नसे. खेळात उतरलेल्या प्रत्येक दुकानदाराच्या फोनवर एक लाल आणि एक हिरवं बटण येई, आणि हिरवं दाबलं तरच गुण.

गल्लीतला सगळ्यात गलेलठ्ठ ढग बेकरीचा होता. तो पाहून काका आधी रुसले, मग थोडे फुगले. मुलगा वर्गात पहिला आला, पण कशात ते विचारू नका, असा त्यांचा चेहरा झाला होता.

आणि मग काका खेळात असे उतरले, की पोरं परवडली. दुपारी काका आणि वटवट पोत्यांवर बसून खल करीत. तोवर भट्टी दोनदा पेटायची, सकाळी पावासाठी आणि दुपारनंतर टोस्टसाठी. आता सगळं एकाच आचेवर घ्यायचं ठरलं. पाव निघाले की उरलेल्या उबेत बिस्किटं, ती निघाली की टोस्ट. भट्टीच्या लोखंडी दाराला आतून जाड अस्तर बसवलं. ओली लाकडं आधी भट्टीच्या माथ्यावर वाळवून मगच आत घालायची. दर शनिवारी पडद्यावरचा ढग बारीक होई आणि इकडे परसातला लाकडांचा ढीग खरोखरच जास्त दिवस पुरू लागला. काकांच्या अंगात संचारलं. गिऱ्हाइकाला पावाबरोबर कार्बनवरचं व्याख्यान फुकट मिळू लागलं. शेजारच्या शिंप्याच्या दुकानात शिरून काकांनी दिवा बंद केला, तोही नेमका शिंपी सुईत दोरा ओवत असताना. पातेल्यांवर झाकणं आहेत का ते बघायला ते स्वयंपाकघरात डोकावू लागले, तेव्हा झाकण नक्की कुठे बसवायचं ते काकूंनी त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं.

बटण मात्र काकांनी स्वतः एकदाही दाबलं नाही. हात कायम कोपरापर्यंत पिठात. "तूच दाब गं," म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात फोन वटवटीकडे दिला, आणि शनिवारचा तो तिच्याकडेच राहू लागला. अट एकच घातली होती, भट्टी बंद करायचं नाव खेळातसुद्धा काढायचं नाही.

"काका, वेडा आहेस का तू?" ती म्हणाली होती. "ती माझी पण आहे."

हे वाक्य काकांनी त्या संध्याकाळी काकूंना फिरवून फिरवून ऐकवलं, आणि काकूंनीही ते दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं केलं.

शेवटच्या शनिवारी काका हातपाय घासून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. शेजारी मुलांच्या वसतिगृहाचे व्यवस्थापक होते. बेकरीतला निम्मा पाव रोज सकाळी या व्यवस्थापकांच्या वसतिगृहात जायचा, त्यामुळे काका त्यांच्याशी बोलताना आपोआप थोडे पुढे झुकत. वटवटीचा गट दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या गटाने कपडे धुणाऱ्या मोठ्या दुकानाला उन्हात कपडे वाळवायला राजी करून आघाडी घेतली होती. आता प्रत्येकाचा एकच प्रस्ताव उरला होता.

वटवट माईकपाशी गेली. ती काय बोलली ते काकांच्या कानात शिरलंच नाही, कारण डोळ्यांसमोर पडद्यावरचा बेकरीचा ढग नाहीसा झाला. आकसला नाही, गेलाच. त्या जागी अक्षरं आली. 'लाकडाची भट्टी कायमची बंद. पाव बाहेरच्या कारखान्यातून.' आणि खाली हिरव्या रंगात, 'दुकानदाराची संमती आहे.'

सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. संयोजक बाईंनी काकांना वर बोलावलं, स्वतःच्या हाताने स्वतःची भट्टी विझवणारा माणूस असं त्यांचं वर्णन केलं आणि हातात एक रोपाची कुंडी दिली. काकांनी ती दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी धरली. त्यांनी वटवटीकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती आणि जन्मात पहिल्यांदा तिचं तोंड मिटलेलं होतं.

घरी आल्यावर ती वर जायला निघाली, तेव्हा काका जिन्यात आडवे उभे राहिले.

"आज माझे हात स्वच्छ होते," ते म्हणाले. "मी तुझ्यापासून चार खुर्च्यांवर होतो. विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाला असतास."

"हो."

"मग आम्ही हरलो असतो." आणि मग तिचं बोलणं सुटलं. बाकी तिघांनी किती राबून केलंय, भट्टी खेळातलीच तर बंद झाली, खरी आहे तिथेच आहे. कारखान्याचा धूर आणि पाव आणणाऱ्या ट्रकचा धूर नकाशावरच्या रेषेबाहेरचा, तो मोजतच नाहीत, म्हणून तर सगळेच्या सगळे गुण मिळाले. हे तिने गेल्या आठवड्यातच शोधून ठेवलं होतं, हेही ती बोलण्याच्या भरात सांगून गेली.

इथे काका बाजूला झाले. ऐन वेळी घाबरून पोरीचं बोट भलत्या बटणावर पडलं असेल, अशी एक सोय त्यांनी घरी येता येता मनात करून ठेवली होती. आता तीही राहिली नाही. गेला आठवडाभर ती पोत्यांवर बसून त्यांच्याशी दाराच्या अस्तराबद्दल बोलत होती, आणि हे मनात ठेवून बोलत होती.

सोमवारी सकाळी व्यवस्थापक स्वतः बेकरीत आले. त्यांचे डोळे पाणावले होते. काकांनी एवढं मोठं पाऊल उचललं, मग आपण मागे कसं राहायचं, आणि भट्टी बंद करताना काकांना आमचा संकोच नको, म्हणून त्यांनी रविवारीच पावाच्या कारखान्याशी वर्षाचा करार करून टाकला होता. असे सद्गृहस्थ माणसाला क्वचित भेटतात, ते एक बरं आहे.

वटवट मागच्या खोलीत ट्रे पुसत होती. ती दारात आली. व्यवस्थापकांच्या खांद्यावरून तिने काकांकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. सांगू नकोस. सांगितलं तर गट बाद, राजधानी गेली, आणि ती खोटी ठरणार. ती रांगत होती तेव्हापासून काकांना तिचा चेहरा वाचता येत होता, आताही आला. शनिवारी तिने त्यांच्या नावाने हो म्हटलं होतं, आणि आता तेच हो त्यांच्याच तोंडून तिला हवं होतं.

"साहेब," काका म्हणाले, "ते बटण मी दाबलं नव्हतं."

व्यवस्थापक आधी हसले, मग दारातल्या मुलीकडे वळले, आणि मग आपला चष्मा पुसत बसले. बघतो काही करता येतं का, असं ते म्हणाले. पण करार हा भट्टीसारखा नसतो, पाणी मारून विझत नाही. दुपारपर्यंत बातमी संयोजक बाईंकडे पोचली आणि संध्याकाळी गट बाद झाला. उरलेल्या तिघांनी वटवटीशी बोलणं टाकलं.

ती रडून लाल झालेलं नाक घेऊन काकांपुढे उभी राहिली. "एकदा माझ्यासाठी गप्प बसता आलं नाही तुला?"

"नाही गं," काका म्हणाले. "तुला बसता येतं, ते शनिवारी पाहिलं मी."

काकूंनी मध्ये पडून पाहिलं. पोर आहे, खेळ होता, असं दोन्ही बाजूंनी बोलून पाहिलं. काका त्यांचं सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि परसात लाकडं रचायला निघून जायचे. वसतिगृहाचा पाव थांबला. काका एक दिवसाआड भट्टी पेटवू लागले. बेकरीचा धूर आता खरोखरच निम्मा झाला होता, पण सभागृहातला पडदा तोवर गुंडाळला गेला होता.

पुढच्या महिन्यात एका सकाळी वटवट बाह्या वर सारून खाली आली. नेहमीसारखी मागच्या दाराने नाही, पुढून आली. काका काउंटरवर ट्रे मांडत होते.

"काका, पीठ मळायला घेऊ?"

काकांच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला आज टोस्ट नाही म्हणून सांगावं, इतक्या साधेपणाने ते म्हणाले, "पीठ आता थोडंच असतं. एकट्याला पुरतं."

ती तिथेच उभी राहिली. मागून शिंपी आला, थोडा वेळ थांबला, आणि रांगेत आहेस का गं, म्हणून त्याने तिला विचारलं. तिने काकांकडे पाहिलं. काका खाली वाकून पाव मोजत होते.

"हो," ती म्हणाली आणि एक पाऊल पुढे सरकली.