विणकामाच्या कपाटातलं पुस्तक

वाचनालयाच्या शाखेतल्या ग्रंथपाल बाईंना सहकारी पाठीमागे भिंगरी म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. खुर्चीचं त्यांना वावडंच होतं. पण त्या आठवड्यातली त्यांची येरझार पाहून सफाईवाल्या मावशीही म्हणाल्या, "बाई, काही हरवलंय का?"

हरवलं नव्हतं, लपवलं होतं. कारखान्याच्या पाण्यामुळे अंगावर उठणाऱ्या चट्ट्यांबद्दल एका डॉक्टरने लिहिलेलं साधंसं पुस्तक. कारखान्याचे मालक वाचनालयाच्या समितीवर होते, त्यामुळे वरच्या साहेबांचा तोंडी हुकूम आला, की हे पुस्तक सगळ्या शाखांनी मुख्य कचेरीत जमा करावं. कागद नाही, सही नाही. नामानिराळं राहण्यात साहेबांचा हात कुणी धरू शकलं नसतं.

आता, प्रत्येक शाखेच्या भिंतीवर ग्रंथपाल संघाची आचारसंहिता टांगलेली. पहिलंच कलम, कुणाच्याही दबावाखाली वाचकाला पुस्तक नाकारू नये. दरवर्षी सभेत सगळे ते उभं राहून मोठ्यांदा म्हणत आणि मग चहाला जात. बाईंची निवृत्ती तोंडावर आलेली, यजमान गुडघ्यांपायी घरी बसलेले. त्यांनी बजावलं, "नसती उठाठेव करू नकोस. नोकरीवर गदा आली तर खायचं काय?" तेव्हा साप मरावा आणि काठीही मोडू नये, अशी युक्ती बाईंनी काढली. पुस्तक विणकामाच्या कपाटात, स्वेटरच्या नमुन्यांमागे सारलं आणि वर कळवलं, सापडत नाही. ग्रंथालयात चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे विहिरीत टाकलेलं पुस्तक. बाई स्वतःवर खूश होत्या.

ती खुशी एका आईने मोडली. ती नवी सभासद होती, कडेवरच्या मुलीच्या हातांवर लाल चट्टे. तिने नेमकं तेच पुस्तक मागितलं. हिला साहेबांनीच पाठवलं असेल तर, या भीतीने बाईंच्या तोंडून निघून गेलं, "नाही आमच्याकडे." उभ्या नोकरीत त्या वाचकाशी खोटं बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या शाखेत बघते, म्हणून ती गेली. दोन दिवसांनी परत आली. "कुठंच नाही हो. सगळ्या शाखा पालथ्या घातल्या."

बाईंनी दार लोटून घेऊन एकेका शाखेला फोन लावले. आढेवेढे घेत सगळे कबूल झाले. एकाने पुस्तक बागकामात दडवलं होतं, एकीने शब्दकोशांमागे, एकाने तर जेवणाच्या पिशवीत. जो तो आपल्या हुशारीवर बेहद्द खूश. समितीला बोटही उचलावं लागलं नव्हतं. पुस्तक गावातून ग्रंथपालांनीच नाहीसं केलं होतं, तेही आचारसंहितेच्या प्रेमापोटी.

संघाची बैठक झाली. सोमवारी दार उघडताच सगळ्यांनी पुस्तक समोरच्या टेबलावर मांडायचं. एकाला घरी बसवता येतं, सगळ्यांना कसं बसवतील?

सोमवारी बाई विणकामाच्या कपाटापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. हात काही उचलेना. तेवढ्यात शब्दकोशवालीचा फोन. पोरगी अजून नोकरीत कायमही झालेली नव्हती.

"ताई, तुम्ही ठेवलंत ना? सगळे म्हणतायत, भिंगरीने... म्हणजे तुम्ही ठेवलंत की ते ठेवतील."

"ठेवलं," बाई म्हणाल्या.

"खरंच?"

"समोर दिसतंय मला. सांग सगळ्यांना."

फोन ठेवून त्या अक्षरशः धावल्या. पुस्तक टेबलावर उभं केलं, आणि सभासदांच्या वहीतून नंबर काढून त्या आईला फोन लावला. "पुस्तक आहे आमच्याकडे. त्या दिवशी मी खोटं बोलले."

ती म्हणाली, "मग आज खरं कशावरून?"

"या तुम्ही," एवढंच बाईंना सुचलं.

साहेब दिवसभर फोनवर गरजले. पण सगळ्याच टेबलांवर पुस्तक, मग गरजणार तरी कुणाकुणावर? संध्याकाळी त्यांचा सूर 'बघू काय ते' इथवर उतरला. बाईंची नजर मात्र दारावरच. कुणी आत आलं की त्या उठत, आणि ती नाही असं दिसलं की टेबलाभोवती एक फेरी मारत.

बंद करायच्या वेळी पुन्हा शब्दकोशवालीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, ती चट्टेवाल्या मुलीची आई आमच्याकडून पुस्तक घेऊन गेली. मी म्हटलंसुद्धा, तुमच्या घराजवळ भिंगरीताईंची शाखा आहे की."

"मग?"

"तिथं नको, म्हणाली."

"बरं झालं मिळालं ते," बाई म्हणाल्या. ते खरंच बरं झालं होतं, आणि तरी त्यांना फोन खाली ठेववेना.