कॉफीत बुडवलेले पायमोजे

मिस ओझेला प्रुइट कुठल्याही बाईच्या तोंडाकडे आधी बघायच्या नाहीत. आधी पाय बघायच्या. चर्चच्या पायऱ्यांवर नवी सून दिसली की "काय गं, कुणाच्या घरची तू?" हे मागाहून, त्याआधीच ह्यांचं मनात ठरलेलं असायचं, दोन भाग चहा, एक भाग कॉफी, वरून मूठभर कांद्याची सालं. चार दिवसांनी त्या सुनेच्या दारात पायमोज्यांचा जोड हजर, वर टाचणीनं तिच्या नावाची चिठ्ठी. आणि रंग असा जुळलेला की खुद्द तिच्या नवऱ्यानं विचारावं, पाय उघडेच ठेवून निघालीस की काय?

ही एकसष्ट सालची गोष्ट. अमेरिकेतल्या आमच्या डरहॅमच्या दुकानांत तेव्हा बायकांचे जे लांब पातळ पायमोजे मिळायचे, त्यांच्या पाकिटावर छापलेलं असायचं, ‘अंगाचा रंग’. कुणाच्या अंगाचा, हे विचारायची सोय नव्हती. आम्ही काळ्या बायकांनी ते चढवले की पाय राखेतून काढल्यासारखे दिसायचे. बरं, उघड्या पायांनी चर्चला जावं तर आयांनी तंगडं मोडून हातात दिलं असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या बायका पांढऱ्यात यायच्या. पांढरा ड्रेस, पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, इस्त्री अशी की कडेनं बोट कापावं. आणि त्याच्याखाली ते करडे पाय! मिस ओझेला नसत्या तर आमची सगळी ऐट गुडघ्याशीच संपली असती.

त्या एका मोज्यांच्या गिरणीत झाडू मारायच्या. यंत्रांवर गोऱ्या बायका, झाडूवर ह्या. गिरणीतला फसलेला माल वजनावर विकायचे. कुठे टाका सुटलेला, कुठे मागची शिवण वाकडी. मिस ओझेला तो घरी आणून बारीक आकडीनं सुटलेला टाका वर चढवायच्या, शिवण उसवून सरळ घालायच्या आणि मग स्टोव्हवर पातेली चढायची. चहा, कॉफी, कांद्याची सालं, आक्रोडाची हिरवी टरफलं, रंग धरायला व्हिनेगर. ज्या बाईचा जोड असेल तिला भर दुपारी मागच्या दारात उभं करायच्या आणि गुडघ्याच्या मागे वाळलेला मोजा लावून बघायच्या. ओला कधी नाही. "ओला रंग थापा मारतो गं," म्हणायच्या. पटला नाही की पुन्हा पातेल्यात. दुकानातल्या जोडाच्या चौथाई किमतीत एवढं सगळं. घरभर कॉफीचा वास, आणि घरात प्यायला म्हणाल तर एक कप नाही.

"पाहुण्याला कॉफी तरी द्या की," मी एकदा चिडवलं.

"पी ना. चर्चच्या डीकनच्या बायकोचे पाय त्यातच भिजतायत," त्या म्हणाल्या.

मी लुवेनिया. तेव्हा बावीस वर्षांची होते आणि तंबाखूच्या कारखान्यात पानांच्या शिरा ओढून काढायचे. दिवसभर शिरा ओढायच्या, संध्याकाळी केसांत, नखांत, श्वासात तंबाखू. बसमध्ये कुणी जरा नाक उडवलं की मला वाटायचं, माझ्यामुळेच. अंगावर मात्र कधी ढिसाळपणा नाही. आईचा जुना कोट उलटा करून शिवला होता मी, टोपीवरचं फूल दर सणाला बदलायचे. पैसे नव्हते पण नखरा भरपूर होता, आणि त्या नखऱ्याच्या जोरावर मला कारखान्यातून सुटायचं होतं.

सुटून जायचं ते मिसेस बुलक ह्यांच्या दुकानात. बायकांच्या कपड्यांचं दुकान, आमच्याच माणसांचं, आमच्याच रस्त्यावर. मिसेस बुलक म्हणजे मोठं प्रस्थ. नवरा विमा कंपनीत, स्वतः बायकांच्या क्लबच्या अध्यक्ष. त्यांना काउंटरवर एक मुलगी हवी होती, आणि दर एप्रिलला बड्या घरांच्या चर्चच्या हॉलमध्ये, आमच्या चर्चच्या नव्हे, त्यांचा फॅशन शो व्हायचा. त्या वर्षी चालून दाखवायला त्यांनी मलाही निवडलं. मी तर हवेतच होते.

मिस ओझेलांचंही त्याच दुकानात अडकलं होतं. मिसेस बुलक त्यांना म्हणाल्या होत्या, "शोमध्ये एखाद्या मुलीच्या पायांत घाला तुमचे मोजे. बायकांना पसंत पडले तर काउंटरवर ठेवीन. तुमच्या नावाच्या पाकिटात." वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, पाठ वाकलेली असताना, स्वतःच्या नावाचं पाकीट! बाई दोन आठवडे जमिनीवर नव्हत्या. त्यांनी मुलगी निवडली ती मी. कुठली मुलगी ते मिसेस बुलक ह्यांना सांगितलं नाही, कार्डावरूनच कळू दे म्हणाल्या.

"तुझा रंग सगळ्यात अवघड आहे बघ," माझा गुडघा धरून त्या म्हणाल्या. "खाली लाल आहे, वर निळसर. तुझ्यावर जुळला तर कुणावरही जुळेल." चार वेळा बुडवला त्यांनी तो जोड. आणि चौथ्यांदा वाळल्यावर जे काही झालं ना, मी स्वतःच हात लावून बघितलं, मोजा आहे की नाही. मिस ओझेला खुर्चीवर बसून हसत सुटल्या. "पोरी, हे जर खपले ना, तर त्या झाडूला मी स्वतः माती देईन. पाद्र्यांना बोलावून."

चालणाऱ्या मुलीनं आपल्या कपड्यांचं कार्ड स्वतः भरायचं, आणि मिसेस बुलक माइकवरून ते वाचणार, अशी पद्धत होती. ड्रेस कुठला, टोपी कुठली, सगळं. "माझं नाव नीट मोठं लिही हं," मिस ओझेलांनी मला तीनदा बजावलं. लिहिते म्हटलं. काय कठीण होतं त्यात?

त्या रविवारी हॉलच्या मागच्या खोलीत आम्ही सात जणी तयार होत होतो. पावडर, केसांचा जळका वास, एकीचा झिपर अडकलेला, दुसरीचं "माझी लिपस्टिक कुणी घेतली?" बाकीच्या सहा जणी शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या मुली. एक आपलं कार्ड मोठ्यानं वाचत होती. हातमोजे फिलाडेल्फियाचे. बूट बॉल्टिमोरचे. दुसरीनं माझ्याकडे वळून नाक मुरडलं. "कुणी सिगारेट ओढतंय का गं इथे?" कुणीच ओढत नव्हतं. मी सकाळी दोनदा डोकं धुतलं होतं. मी कार्डावर लिहिलं, ड्रेस मिसेस बुलक ह्यांच्या दुकानातला, टोपी आईची. आणि पायमोज्यांची ओळ मी कोरी सोडली. विसरले, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. पेन्सिल हातात होती.

बाहेर आले तर हॉल खचाखच भरलेला. टोप्याच टोप्या. तिसऱ्या रांगेत मिस ओझेला, निळ्या पोशाखात, पाठ ताठ. मी चालले. वळले. टाच उचलून पाय दाखवला, जसं त्यांनी शिकवलं होतं तसं. आणि पहिल्याच रांगेत कुजबुज सुरू झाली. "अगं पाय बघ, पाय!" "मोजे आहेत की नाहीत?" "आहेत, शिवण दिसतेय मागे!" एक म्हातारी तर चष्मा काढून पुढे वाकली.

मिसेस बुलक ह्यांनी कार्ड बघितलं, मागे उलटून बघितलं. मग माइकमधूनच विचारलं, "लुवेनिया, हे पायमोजे कुठले? ह्यावर तर काहीच लिहिलेलं नाही."

एवढंच सांगायचं होतं. मिस ओझेला प्रुइट. तीन शब्द. पण मला त्या क्षणी काय दिसलं सांगू? पातेली दिसली. कांद्याची सालं दिसली. फिलाडेल्फियाचे हातमोजे माझ्या मागे पडद्याआड उभे होते आणि ते हसणार होते. वाटलं, तंबाखूवाली पोरगी कॉफीच्या पाण्यात भिजवलेले पाय घेऊन आली, असं म्हणतील. वाटलं, काउंटर गेला.

"न्यूयॉर्कचे," मी म्हटलं. जीभ झडली नाही माझी. "माझी मावसबहीण पाठवते."

काय टाळ्या पडल्या! मिसेस बुलक ह्यांचा चेहरा खुलला. आणि मग त्यांना आणखी काहीतरी सुचलं. "सिस्टर ओझेला मोज्यांच्या गिरणीत आहेत," त्या म्हणाल्या. "सिस्टर, या बरं पुढे. तुम्ही सांगा, खरंच न्यूयॉर्कचा माल आहे का?"

मी तिथेच मरून पडायला हवं होतं. मिस ओझेला उठल्या, रांगेतून "माफ करा, माफ करा" करत बाहेर आल्या आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या. माझ्या घोट्याजवळचं कापड त्यांनी दोन बोटांत धरलं. मी त्यांच्या टोपीकडे बघत होते. तोंडाकडे बघायची छातीच झाली नाही.

"हो मॅडम," त्या म्हणाल्या. "न्यूयॉर्कचाच. असा माल आपल्याकडे कोण करणार?"

नोकरी मला मिळाली. आपला जोड वेळेत झालाच नाही, असं मिस ओझेलांनी मिसेस बुलक ह्यांना सांगून टाकलं. महिन्याभरात मिसेस बुलक ह्यांनी न्यूयॉर्कहून पायमोज्यांचे खोके मागवले आणि ते विकायला काउंटरवर कोण उभी? मी. चार रंग, चारही आमच्या कामाचे नाहीत. बायका मोज्यात कोपरापर्यंत हात घालून बघायच्या आणि म्हणायच्या, "नाही गं बाई, तुझ्यासारखे दाखव." माझ्यासारखे! मी म्हणायचे, "संपले ते." रोज म्हणायचे. मिस ओझेलांनी चार वेळा बुडवलेला तो एकच जोड माझ्याकडे होता, आणि तो विरून फाटेपर्यंत मी त्याच काउंटरमागे वापरला. आता सांगताना अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र सकाळी मजेत चढवायचे.

शोनंतर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारासाठी मिस ओझेलांची पातेली चढलीच नाहीत. कुणी विचारलं तर म्हणाल्या, हात दुखतो. त्याच्या पुढच्या महिन्यातही हात दुखतो. बायका हळहळल्या आणि पुन्हा करडे पाय घेऊन चर्चला यायला लागल्या. त्याच हातानं त्या गिरणीत झाडू मारतायत, हे सगळ्यांना दिसत होतं. मीही विचारलं नाही. दिसल्या की नमस्कार करायचे, त्या म्हणायच्या, "बरी आहेस ना पोरी? छान दिसतेस." आणि मी मनाला समजवायचे, बघ, किती मोठं मन आहे बाईचं. भर सभेत आपली अब्रू झाकली, आणि एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. मला माफ केलंय त्यांनी. ह्या माफीवर मी नऊ वर्षं काढली.

मग हायवेसाठी आमच्या भागातली घरं पाडायला घेतली. मिसेस बुलक ह्यांचं दुकानही गेलं आणि मिस ओझेलांचं घरही. त्या भाचीकडे ग्रीन्सबरोला जाणार होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून एका शनिवारी मी सामान बांधायला मदत करायच्या निमित्तानं गेले. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता एकदाचं तोंडातून बाहेर काढलं. कार्डाची ओळ मुद्दाम सोडली ते, नोकरीसाठी खोटं बोलले ते, सगळं. रडले. म्हटलं, "मिस ओझेला, तुम्ही त्या दिवशी मला वाचवलंत. मी तुमचं सगळं घालवलं आणि तुम्ही मला वाचवलंत. मला माफ करा."

त्यांनी हातातली थाळी खाली ठेवली. खरंच गोंधळल्या होत्या. "तुला वाचवलं? मी?"

"सगळ्यांसमोर हो म्हणालात ना, न्यूयॉर्कचे म्हणून."

"नाही गं बाळ," त्या म्हणाल्या. "तुझा विचार कुठे केला मी? तू न्यूयॉर्क म्हणालीस आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या ना, तेव्हा मला दरदरून घाम फुटला. म्हटलं, देवा, आता हिनं माझं नाव घेऊ नये. चहा-कॉफीचं, कांद्याच्या सालींचं कुणाला कळू नये. ती बया मला पुढे बोलवते तर हो म्हणून मोकळी झाले. बावीस वर्षं मी हे करत होते. चारचौघींत मिरवून करत होते. ह्यात लाजण्यासारखं काही आहे, हे मला ठाऊकच नव्हतं." त्यांनी दुसरी थाळी उचलली आणि कागद ओढला. रागानं नाही, सहज, एखादी माहिती द्यावी तसं म्हणाल्या, "ते तुझ्याकडून कळलं."