तळाशी बसणारा भंडारा

माझी नात रेणू आता आठवीत आहे. हातावरचे चट्टे ती बाह्या ओढून झाकते आणि माझी नजर तिकडं गेली की म्हणते, "आजी, तुझ्या देवाची सही हाय ही." मी हसते, पण आत कुठंतरी टोचतं. कारण ती सही देवाची नव्हे, माझी आहे.

ती सही झाली तेव्हा मी नुकती साठीला टेकलेली, म्हणजे अगदीच कोवळी होते. अक्कल यायची बाकी होती. आमची वस्ती इंदापूर तालुक्यात. सासऱ्यांनी मेंढरं विकून रान घेतलं, पण आम्हा धनगरांचा बिरोबा सोडला नाही. एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी पिवळं यायला लागलं. सून, सुनंदा, म्हणाली, "आत्याबाई, पाण्याला कायतरी झालंय." मी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "झालंय की! बिरोबानं भंडारा उधळलाय." देवावर आम्ही हळद उधळतो, तिला भंडारा म्हणतो, आता देवानंच ती आमच्यावर उधळली, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवसापासून बाया तांबे घेऊन दारात. मी पाट टाकून बसायचे आणि तीर्थ द्यायचे. ऐट बघायला हवी होती माझी! आणि त्याच हातानं सहा वर्षांच्या रेणूला मी सकाळ-संध्याकाळ वाटीभर तीर्थ द्यायचे, त्याच पाण्यानं न्हाऊ घालायचे.

पुढं रेणूच्या हातांची साल जायला लागली. पोटात दुखतंय म्हणून लेकरू मुटकुळं करून पडायचं. सुनंदा दवाखान्यात नेऊ म्हणाली, तर मीच आडवी आले. दवाखाना करायचा म्हणजे तीर्थावर संशय घ्यायचा. पण पोरगी वाळत चालली तसा मलाही धीर धरवेना. एका रविवारी बाटलीत ते पाणी भरलं आणि बिरोबाच्या देवळात गेले. देवाला कौल लावला. उजवं फूल पडलं तर तीर्थच चालू ठेवायचं, डावं पडलं तर दवाखाना. तासभर हात जोडून बसले, एकही फूल हललं नाही. पुजाऱ्यानं ती जरा जास्तच घट्ट चिकटवली असतील, असं आज वाटतं. तेव्हा मात्र मी रडले. "देवा, एवढं पोरीपुरतं तरी सांग रं," म्हणाले आणि उठले.

बाहेर एक म्हातारे आतार भंडारा-कुंकवाचं दुकान मांडून बसले होते. दर यात्रेला त्यांच्याकडून भंडारा घेतलेला, पण नाव कधी विचारलं नव्हतं. त्यांनी माझे डोळे पाहिले, मग बाटली पाहिली.

"आक्का, बाटलीत काय हाय?"

"देवाचा भंडारा. आमच्या हिरीत आलाय. नातीला रोज पाजते, तरी पोरगी वाळत चाललीया."

त्यांनी चहाचे दोन ग्लास विसळले. एकात माझं पाणी ओतलं, दुसऱ्यात साधं पाणी घेऊन चिमूटभर भंडारा ढवळला. "बसा वाईच," म्हणाले. मी बसले, ती त्यांची जिरवायला. थोड्या वेळानं त्यांच्या ग्लासातली हळद हळूहळू खाली गेली, तळाशी गादीसारखी बसली, वर जवळपास नितळ पाणी. माझा ग्लास होता तसाच, वरपासून खालपर्यंत पिवळा.

"उभी हयात भंडारा इकण्यात गेली माझी," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आमचा भंडारा तळाला बसतो, आक्का. ह्यो बसत न्हाय. माझ्या बहिणीच्या नातीलाबी असंच झालं. तुमच्या-आमच्या शिवंवरच्या पडक्या खाणीत कुणीतरी विषारी पिंपं टाकल्यात, ती झिरपत्यात."

त्या मुलीवर उपचार करणाऱ्या संस्थेची गाडी दुसऱ्या दिवशी बारामतीहून त्यांच्या गावात येणार होती. नातीला घेऊन या, पैसे लागत नाहीत, म्हणाले. आणि माझं नाक तेवढ्यातही वर गेलं! "आमी कुनाचं फुकट घेत न्हाय." आतार हसले. "आवं, देवळात परसाद घेताना कधी इचारलंत का, नारळ कुनी फोडला म्हणून?"

मी निमूट त्यांच्याकडून गाडीची वेळ विचारून घेतली. मी दुसऱ्याचं निमूट ऐकणं, याला आमच्या घरात चमत्कारच म्हणतात.

रेणूला बारामतीत दाखल केलं. संस्थेच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, वस्तीवरची बाकीची लेकरंही तपासली, दारात चांगल्या पाण्याची टाकी आणून ठेवली. एक दिवस त्या म्हणाल्या, "हिच्या पोटात बाकीच्या मुलांपेक्षा कमी गेलंय, म्हणून निभावलं. रोज दोन वाट्या गेल्या असत्या तर अवघड होतं." मी चक्रावले. मी तर वाटी भरून देत होते! सुनंदा खाली मान घालून उभी होती. मग म्हणाली, "आत्याबाई, रागवू नगा. तुमी वाटी दिऊन वळला की मी ती वतून द्यायची. गावातल्या नळाचं पाणी आणून त्यात हळद कालवून तिला पाजायची. आंघोळीचं आन् सैपाकाचं मातर जमलं न्हाय."

म्हणजे खरा भंडारा माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागं ढवळला जात होता. आणि त्या बाईला मी सबंध उन्हाळा देवाची वैरीण म्हणत होते. मी दवाखान्यातच तिच्या पाया पडायला वाकले. तिनं मधेच धरलं आणि म्हणाली, "कंबर धरंल, आत्याबाई." धरलीच.

मी देवाला खूण मागितली होती, आणि ती खूण आपल्या बाजूनं पडावी एवढीच माझी भक्ती होती. त्यानं फूल हलवलं नाही. आतार बसवला, सून आधीच पाठवली होती. शरण जायचं म्हणजे आपलं म्हणणं खाली बसू द्यायचं, हे मला दोन ग्लासांनी शिकवलं. आता रोज पूजेला मी पेल्यात चिमूटभर भंडारा सोडते आणि तो तळाशी जाईपर्यंत गप्प बसते. रेणू शाळेला निघताना पेल्यात डोकावते, "बसला का गं आजी?"

"बसला, बाई," मी म्हणते. "तुझी आजीबी बसली."

मग ती चट्ट्यांचा हात पुढं करते, आणि मी तो धरून तिच्या कपाळाला भंडारा लावते.