तीन डॉक्टर, तीन मापं

भाऊजींसारखा कटर आमच्या दुकानाला पुन्हा मिळणार नाही. ते माझ्या ताईचे नवरे म्हणून मी हे म्हणत नाही. वीस वर्षं त्यांनी कापलेलं मी शिवलंय. खडूने आखायचं, टेपने तीनदा मोजायचं, तिन्ही वेळा आकडा तोच आला तरच कात्री उचलायची. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी बेहत्तर. मालक कपाळाला हात लावायचे, पण भाऊजींच्या हातून एक कोट कधी वाया गेला नाही.

मग ते टेबलाच्या कोपऱ्यांना धडकायला लागले. समोरचं लख्ख दिसे, बाजूचं नाही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डोळ्यातला दाब अठ्ठावीस आहे, एकवीसच्या आत हवा. औषधाच्या थेंबांनी उतरत नाही, तर महिन्याभरात ऑपरेशन करा. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली वाचेल.

"बघू," भाऊजी म्हणाले. तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे दाब चोवीस भरला. तिसऱ्यांकडे एकतीस. तिघांनीही ऑपरेशनच सांगितलं. आणि या माणसाने काय करावं? तिन्ही कागद कटिंगच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि त्यांच्याकडे बघत बसला.

"अहो, तिघं एकच सांगतायत ना?" ताई म्हणाली. "मग करून टाका एकदाचं!"

"सांगतायत एकच गं. पण मापं कुठे जुळतायत? मापच नक्की नाही, तर कात्री कशी लावू द्यायची?"

"दाब तासातासाला बदलतो म्हणाले डॉक्टर," मी म्हटलं.

"कापड बदलतं का तासातासाला?"

कप्पाळ! मी चिडायचो, ताई रडायची, ते शांतपणे विचार करायचे. मूर्ख असते तर सोपं होतं. पण त्यांना प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू दिसायची. चिरताना हात हलला तर? न चिरताच निभावलं तर? चौथा डॉक्टर झाला, पाचवा झाला, मग पुन्हा पहिला. सोबत मीच. दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसून बसून माझा जीव विटला. असे चौदा महिने गेले.

एका सकाळी त्यांनी कोटाच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. दुपारी मला म्हणाले, "चल, करून टाकू ऑपरेशन."

डॉक्टरांनी तपासलं. मग म्हणाले, "उजव्यात वाचवण्यासारखं काही उरलं नाही. डाव्यासाठी प्रयत्न करू." वर्षभरात डावाही गेला.

आता कटिंग मी करतो. घरी करमत नाही म्हणून भाऊजी दुकानात येऊन स्टुलावर बसतात. मला अजून त्यांचा राग येतो, आणि मग त्या रागाचीच लाज वाटते. काल त्यांनी नव्या ताग्यावर हात फिरवला.

"रंग कोणता रे?"

कामाच्या नादात मी भलत्याच ताग्याकडे बघून "निळा" म्हणालो. त्यांच्या हाताखालचा तपकिरी होता. चूक लक्षात आली, पण मी मुद्दाम थांबलो. आता म्हणतील, नीट बघ, नक्की का?

"छान आहे निळा," ते म्हणाले आणि हात मांडीवर घेऊन बसले.