आदर्श वायू आणि वानखडे मॅडम

वानखडे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेरच्या बसस्टँडवर शेतकरी चळवळीची पत्रकं वाटत होते. उरलेली पिशवीत कोंबली आणि दारव्ह्याची गाडी धरली... त्याला आता दीड महिना होईल.

बारावीला त्यांनी आम्हाला रसायनशास्त्र शिकवलं. आदर्श वायूच्या कणांना स्वतःचं आकारमान नसतं, एकमेकांची ओढही नसते, एवढं सांगून त्या म्हणायच्या, "असा वायू जगात कुठंच नाही. दाब कमी आणि तापमान जास्त असलं, की खरे वायू बरेचसे तसे वागतात, इतकंच." मला मात्र आदर्श वायूच आवडायचा. पत्रकं वाचत वाढलेली मुलगी मी. नियम एक, सगळ्यांना सारखा.

कापसाचे भाव पडले त्या वर्षी गावानं ठरवलं, भाव मिळेपर्यंत कापूस विकायचा नाही. पत्रक मीच लिहिलं होतं. आणि सगळ्यांत आधी बाजारासाठी कापसाची बैलबंडी भरली ती माझ्या सख्ख्या काकूनं. तिच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. मी संतापून काकूच्या नावानिशी दुसरं पत्रक लिहिलं, 'गद्दार' असा मथळा दिला आणि मॅडमना दाखवायला नेलं.

त्यांनी ते वाचून चहा ठेवला. "काहून वं, काकूले गावात तोंड दाखवू देत नाही का आता?"

"नियम मोडला तिनं."

"तुहा नियम आदर्श वायूचा आहे, माय. दाब वाढला की हरेक कणाचं आपलं आकारमान आडवं येते." मग त्यांनी ओट्याखालचं सिलिंडर हलवलं. आत डुचमळलं. "आयकलं? कणांले एकमेकांची ओढ आहे, म्हणून दाबल्यावर याचं असं पाणी झालं. आदर्श वायू असता तं झालंच नसतं, अन् तुले चहाही भेटला नसता."

"मग करू काय?"

"मले काय इचारून राह्यली? मी का पुढारी आहो? बंडीसंग जाय तिच्या."

पत्रक छापलं नाही. संध्याकाळी घरोघर फिरून लोकांना काकूसोबत चलायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव काकूच्या बंडीमागून बाजारात गेलं. कापूस ओला आहे म्हणत भाव पाडायला निघालेला व्यापारी गर्दी बघून थबकला. "एवढी वरात कोनाची वो?"

"माह्यी," काकू म्हणाली.

भाव पडलेलाच होता, पण त्याहून खाली गेला नाही.

परवा मी कॉलेजात गेले होते. गणित सोडवण्याआधी मॅडम फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात चौकट आखून आपण काय गृहीत धरलंय ते लिहायच्या, आणि तास संपेपर्यंत कुणाला पुसू द्यायच्या नाहीत. फळा आता दुसरे सर वापरतात. बाकी सगळा काळा आहे, त्या कोपऱ्यात तेवढी पांढुरकी चौकट उरली आहे... ओल्या फडक्यानंही जात नाही, असं सर म्हणाले. परतीच्या बसमध्ये मी नव्या पत्रकाचा कागद काढला. मजकूर अजून सुचला नव्हता. आधी डाव्या कोपऱ्यात चौकट आखली.