वारा पाठीशी, वारा तोंडावर

राजापूरच्या खाडीकाठी राहणाऱ्या मैमूनाबींचा नवरा गलबतावर तांडेल होता, त्यामुळे कुठलाही प्रवास त्या वाऱ्यावर मोजत. मुलगा नासिर दुबईला. त्याची जुनी तिकिटं त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपली होती. जाताना विमान मुंबईहून सकाळी दहाला सुटून साडेअकराला दुबईत. येताना दुपारी एकला निघून साडेपाचला मुंबईत. नासिर कधी येणार, असं शेजारणींनी विचारलं की त्या ठणकावत, "जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर. यायला वेळ लागणारच!" कोणी हसलीच तर म्हणत, "तू कधी दर्यात गेलीस गो?"

परवा फोनवर हे ऐकून नासिर हसत सुटला. "अम्मा, तिकिटावर ज्या-त्या गावची वेळ असते. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. अंतर एकोणीसशे किलोमीटर. जायला तीन तास, यायलाही तीनच."

मैमूनाबींनी बोटांवर मोजून पाहिलं. बरोबर होतं.

"म्हणजे वारा आडवा येत नाही?"

"नाही, अम्मा."

"मग तीन तासांच्या वाटेला तुला चार वर्षं का लागली रे?"